जोतं तीन फूट, सभासद तीनचाकीवर: पतसंस्थेच्या इमारतीत काय बदलावं

सांगलीत शामरावनगर भागातल्या एका पतसंस्थेच्या सचिवांचा प्रश्न आहे: "आमची इमारत तळमजला अधिक दोन मजले. पुरामुळं जोतं तीन फूट उचललेलं आहे. समोर पंधरा फूट मोकळी जागा, रुंदी चाळीस फूट. सभासद बरेचसे पेन्शनर, गुडघ्यांनी बेजार. एक सभासद हातानं चालवायच्या तीनचाकीवर येतात. ते फाटकाशीच थांबतात आणि शिपाई त्यांची स्लिप आत नेतो. यंदा वार्षिक सभेत रॅम्पचा विषय निघाला. ठेकेदार म्हणतो, दहा फुटांत रॅम्प बसवून देतो. करून घ्यावा का? आणि हे आमच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे का?"

दहा फुटांत रॅम्प करू नका. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण बाकीच्या चुका पुढं कधीही दुरुस्त करता येतात. काँक्रीट एकदा ओतलं की पुढची वीस वर्षं ते कुणी फोडत नाही.

तीन फूट चढ दहा फुटांत म्हणजे साधारण १७ अंशांचा उतार झाला. मानकातला जास्तीत जास्त उतार आहे १:१२, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तो पाच अंशांच्याही आत बसतो. गवंड्याच्या डोक्यात रॅम्प म्हणजे स्कूटर चढवायची जागा असते. "गाडी चढते ना साहेब, मग झालं," हे मी साइटवर किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. पण व्हीलचेअरवरच्या माणसाकडं स्वतःच्या दोन दंडांएवढंच बळ असतं. १७ अंशांवर खुर्ची पुढं जायच्या आधी मागं उलटते. उतरताना तर ढकलणाऱ्यालाही ती आवरत नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. सांगली-मिरजेत बांधकामाच्या धंद्यात मला तेवीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात एका दवाखान्याचं काम माझ्याकडं होतं. जागा कमी होती म्हणून मी १:६ चा रॅम्प दिला, आणि लॉबीतला उरलेला पॉलिश ग्रॅनाइट त्यावर घातला. दिसायला छान दिसत होता. पहिल्याच पावसाळ्यात एका आजींना त्यांचा मुलगा व्हीलचेअरवरून खाली उतरवत होता. त्याची चप्पल घसरली, खुर्ची हातातून सुटली आणि आजी फाटकाच्या खांबावर जाऊन आदळल्या. मनगट मोडलं. बरी होऊन घरी निघालेली बाई माझ्या रॅम्पमुळं परत आत दाखल झाली. तो उतार माझा होता, ती फरशीही मीच निवडली होती. पुढच्या आठवड्यात सगळं उखडून नव्यानं केलं, पण त्या आजींचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून कुठल्याही इमारतीला मी एकच कसोटी लावतो: माणूस एकटा आला, त्यानं काम उरकलं आणि कुणाला हाक न मारता एकटा परत गेला, हे जमतंय का? खाली जे सांगतोय ते सगळं या कसोटीतूनच आलेलं आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. हो, बंधनकारक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यातल्या 'सार्वजनिक इमारती'च्या व्याख्येत लोक वापरतात अशी खासगी इमारतही येते. शिक्षण, व्यापार, नोकरी, दवाखाना, देऊळ, नाट्यगृह, सगळं. त्यामुळं 'आम्ही सरकारी नाही' ही सबब चालत नाही. कलम ४४ प्रमाणं नियम पाळल्याशिवाय नव्या इमारतीला ना बांधकाम परवानगी, ना पूर्णत्वाचा दाखला. जुन्या इमारतींसाठी कलम ४५ मध्ये पाच वर्षांची मुदत होती. कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. शिवाय ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना २०१७ च्या नियमांतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. त्या नियमातली मानकं नुसती शिफारशीसारखी उरत होती, म्हणून न्यायालयानं केंद्राला सक्तीची किमान मानकं ठरवायला सांगितलं. म्हणजे इथून पुढं पकड घट्टच होत जाणार. पण दंडाच्या भीतीनं केलेली कामं मी पाहिली आहेत. तिथं रॅम्प असतो आणि त्याच्या तोंडाशी जनरेटर ठेवलेला असतो. तुमच्या सभेत विषय सभासदांनीच काढला, ही चांगली सुरुवात आहे.

आता तुमच्या जागेचं बघू. जोतं खाली घ्या असं मी म्हणणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. शामरावनगरात तर नदी पात्रात असतानाही पावसाचं पाणी साचून राहतं. जोतं हवंच. म्हणून तीन फूट गुणिले बारा, छत्तीस फूट रॅम्प लागणार हे धरून चाला.

छत्तीस फूट म्हटलं की संचालक मंडळ घाबरतं. सरळ रेषेत तो बसणारही नाही आणि बसवायचाही नाही, कारण अडीच फूट चढानंतर दम घ्यायला सपाट जागा द्यावीच लागते. त्याचे दोन पदर करा. फाटकातून आत आल्यावर पायऱ्यांच्या शेजारून अठरा फूट चढत जायचं, तिथं पाच बाय साडेआठ फुटांचा सपाट टप्पा, वळायचं, आणि अठरा फूट परत चढत पायऱ्यांच्याच वरच्या पोर्चवर यायचं. प्रत्येक पदर चार फूट स्वच्छ रुंद, मध्ये अर्ध्या फुटाची भिंत. पोर्चवर दारासमोर पाच फूट सपाट हवेत, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागं घसरते. म्हणजे लांबी अठ्ठावीस फूट आणि रुंदी साडेआठ-नऊ फूट. तुमच्या चाळीस बाय पंधरात हे बसतं आणि पायऱ्यांना जागाही उरते. महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशा दाखवून घ्या, कारण समोरच्या मोकळ्या जागेत काम आहे, आणि रॅम्पची रुंदी आणि उतार त्यांच्या नियमांत बसतात का तेही तिथंच विचारा.

रॅम्प आणि पायऱ्या एकाच जागेवरून सुरू होतात हे मी मुद्दाम केलंय. मागच्या बोळातून, कचऱ्याच्या डब्याशेजारून दिव्यांगांना आत घेणं मला कधीच पटलं नाही. आणि पायऱ्या काढून टाकू नका. पोलिओमुळं कुबड्यांवर चालणाऱ्या एका मास्तरांनी मला एकदा साइटवर थांबवून सांगितलं होतं, "मला तुमच्या रॅम्पवरून चालता येत नाही, पाऊल वाकडं पडतं. मला पायऱ्याच द्या, फक्त धरायला कठडा द्या." सहा इंच उंच आणि बारा इंच रुंद अशा सहा पायऱ्यांत तुमचे तीन फूट होतात. दोन्ही बाजूंना कठडा, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचांची गडद किंवा पिवळी पट्टी. ज्यांची नजर अधू आहे त्यांना सगळ्या पायऱ्या मिळून एकच सपाट फरशी दिसते. या पट्टीइतकं स्वस्त आणि उपयोगी काम दुसरं नाही.

रॅम्पचा कठडाही दोन्ही बाजूंना आणि दोन उंचींवर: एक छत्तीस इंचांवर, दुसरा अठ्ठावीस ते तीस इंचांवर. पाइप दीड ते पावणेदोन इंच जाड, म्हणजे मुठीत बसतो. रॅम्प संपल्यावर पाइप एक फूट पुढं न्यायचा आणि टोक वळवून भिंतीत किंवा खाली घ्यायचं. उघडं टोक साडीच्या पदरात, सदऱ्याच्या बाहीत अडकतं. एक गोष्ट फॅब्रिकेटर सांगणार नाही: मे महिन्यात दुपारी स्टीलचा पाइप हाताला चटका देतो. वर पत्र्याची शेड घाला. ऊनही टळतं आणि पावसात घसरणंही. फरशीला पॉलिश नको. खडबडीत काढलेला ग्रॅनाइट, किंवा सरळ झाडूनं रेघा ओढलेलं काँक्रीट उत्तम. चौकटीच्या खोल खाचांच्या चेकर्ड टाइल्स टाळा, चाकं नुसती थडथडतात.

आता काळ्या मातीबद्दल, कारण सांगलीत निम्मे रॅम्प हिच्यामुळं वाया गेलेले मी पाहिलेत. इमारत पायावर उभी असते आणि रॅम्प ठेकेदार नुसत्या मातीवर भराव टाकून उभा करतो. आपली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा देते. दोन पावसाळे गेले की इमारत जिथल्या तिथं आणि रॅम्प इंच-दीड इंच खाली. जोत्याशी जिथं रॅम्प मिळतो तिथं नेमकी पायरी तयार होते. पस्तीस फूट चढून आलेला माणूस शेवटच्या इंचाला अडकतो, कारण व्हीलचेअरची पुढची चाकं लहान असतात आणि अर्ध्या इंचाच्या वर काही आलं की ती आडवी होतात. म्हणून काळी माती काढा, मुरमाचे थर पाणी मारून धुमसून घ्या, आणि वरचं टोक जोत्याच्या बीमवर टेकवा. ठेकेदाराच्या दरपत्रकात ही ओळ वेगळी लिहून घ्या, नाहीतर ती होतच नाही. मग दरवर्षी दिवाळीच्या सफाईला त्या सांध्यावर पट्टी ठेवून बघायचं.

छत्तीस फुटांऐवजी लोखंडी उचलता रॅम्प घेतो, असं काही जण म्हणतात. तो अर्ध्या फुटाच्या उंबऱ्याला ठीक आहे, तेव्हाही सहा फुटांचा लागतो. तीन फुटांना त्याचा उपयोग नाही. जागाच नसेल तिथं छोटी उभी लिफ्ट बसते, पण पुराच्या भागात तिची मोटर आणि वायरिंग वर घ्यावं लागतं, आणि लाईट गेली की माणूस अडकतो. तुमच्याकडं जागा आहे, तुम्ही रॅम्पच करा.

तीनचाकीचं मात्र नीट समजून घ्या. रॅम्पची सगळी मापं व्हीलचेअरची आहेत. हातानं चालवायची तीनचाकी लांबीला बरीच मोठी, ती पाच फुटांच्या टप्प्यावर वळत नाही आणि आत काउंटरपाशीही मावत नाही. रॅम्प बांधून झाल्यावर हे सभासद पुन्हा खालीच थांबलेले दिसतील आणि लोक म्हणतील, एवढं करून काय उपयोग. तसं होऊ नये म्हणून रॅम्पच्या पायथ्याशी तीनचाकी लावायला छपराखाली सपाट जागा राखा आणि तिथंच संस्थेची एक चांगली व्हीलचेअर ठेवा, हात टेकायचे दांडे बाजूला होणारी. तीनचाकीवरून सरकून खुर्चीत बसता येतं. त्या जागेशेजारी भिंतीला एक भक्कम आडवा दांडा लावला तर आधाराला कुणी लागत नाही. बऱ्याच ठिकाणी व्हीलचेअर असते, पण ती वरच्या मजल्यावर स्टोअरमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत. ती पायथ्याशीच पाहिजे.

फाटकाबाहेरही बघा. गटारीवरच्या लोखंडी जाळीचे गज चालण्याच्या दिशेनं असतील तर पुढची चाकं फटीत जातात. गज चालण्याच्या आडवे हवेत आणि फट अर्ध्या इंचाची. चारचाकीनं येणाऱ्यांसाठी बारा फूट रुंदीची एक जागा दारापासून शंभर फुटांच्या आत राखून ठेवा.

आता दार. पतसंस्थांचं आणि बँकांचं हे खास दुखणं आहे: चॅनेल गेट अर्धवट ओढून त्याला साखळी घालतात. सुरक्षेसाठी असं म्हणतात, पण गुडघे धरून आलेल्या आजोबांना त्या साखळीखालून वाकून, अंग चोरून आत शिरावं लागतं. आणि व्हीलचेअरला तिथंच पूर्णविराम. कामकाजाच्या वेळेत साखळी काढा. रखवालदार आणि कॅमेरा आहेच ना. हा बदल उद्या सकाळी दहा वाजता, एक रुपया न घालता होतो. चॅनेलची खालची पट्टी फरशीवर आलेली असेल तर ती खोबणीत बसवून घ्या. आतलं दार दोन फळ्यांचं असेल आणि एकच उघडत असतील, तर दोन्ही उघडा. स्वच्छ तीन फूट मोकळे मिळाले पाहिजेत, चौकटीपासून चौकटीपर्यंत नव्हे, उघडलेल्या फळीपासून. काचेचं दार असेल तर काचेवर डोळ्यांच्या उंचीला आणि त्याच्या खाली कमरेच्या उंचीला रंगीत पट्टी लावा.

काउंटर तुमचं बेचाळीस इंचांचं असणार. सगळं तोडायचं कारण नाही. तीन फुटांचा एक भाग तीस-एकतीस इंचांवर उतरवा आणि त्याखाली सत्तावीस-अठ्ठावीस इंच उंच, दीड फुटाहून जास्त खोल अशी गुडघ्यांना जागा मोकळी ठेवा. त्या मोकळ्या जागेत रेकॉर्डच्या फायली साठायला लागतात, त्यावर लक्ष ठेवा. टोकन नंबर दिसलाही पाहिजे आणि ऐकूही आला पाहिजे. नुसता बोर्ड अंध सभासदाच्या कामाचा नाही, नुसती हाक कर्णबधिर सभासदाला पोचत नाही. काउंटरवर मोठ्या कागदाचं पॅड आणि जाड पेन ठेवलं तरी निम्मी अडचण सुटते, आणि कर्मचाऱ्यानं मान खाली न घालता समोर बघून बोललं तर ओठ वाचणाऱ्यांची उरलेली.

पिवळ्या खडबडीत टाइल्सबद्दल एवढंच: रेघांची टाइल म्हणजे 'चालत राहा', ठिपक्यांची म्हणजे 'थांब, पुढं काहीतरी आहे'. अंध माणूस पायानं आणि काठीनं ती वाचतो. फरशीवाल्याला हे कुणी सांगत नाही, तो नक्षीसारखी कशीही बसवतो. एका कार्यालयात ती ओळ सरळ खांबावर गेलेली मी पाहिली, आणि दुसरीकडं त्या ओळीवरच मोटारसायकली लावलेल्या होत्या. फाटक, पायरीच्या आधी, दार, चौकशीचं टेबल, काउंटर, अशी एकच सलग ओळ द्या. तुमच्या इमारतीला तेवढी पुरे.

स्वच्छतागृहावर जरा थांबतो, कारण लोक इथंच हात आखडता घेतात. संस्थेत तासभर थांबावं लागतं, आणि आपल्याला तिथं जाता येणार नाही हे माहीत असलेला माणूस सकाळपासून पाणी पीत नाही. मला हे एका व्हीलचेअरवर असलेल्या बाईंनी सांगितलं, त्यांना त्यातून मूत्राशयाचा त्रास सुरू झाला होता. तेव्हा हे काम शेवटी ढकलू नका. तळमजल्यावर साधारण साडेसहा बाय सव्वासात फुटांची खोली लागते, आत खुर्ची वळायला पाच फुटांचं वर्तुळ मोकळं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, म्हणजे आत कुणी पडलं तर दार अडत नाही. जुन्या इमारतीत संडासाचे ट्रॅप आणि सांडपाण्याचे पाइप फरशीच्या वरून टाकलेले असतात म्हणून संडास चार-सहा इंच उचललेला असतो. ती पायरी काढलीच पाहिजे. कमोडची बैठक अठरा-एकोणीस इंचांवर. भिंतीकडं एल आकाराचा दांडा, मोकळ्या बाजूला वर उचलता येणारा.

हे दांडे प्लास्टिकच्या गुल्ल्या ठोकून टाइलवर बसवतात. दिसतात पक्के. पण माणूस हातांवर सगळं वजन टाकतो तेव्हा ते टाइलसकट बाहेर येतात. चार इंची विटांची भिंत असेल तर पलीकडून लोखंडी पट्टी देऊन आरपार बोल्ट घ्या. बसवून झाल्यावर ठेकेदाराला बिल द्यायच्या आधी तुमच्यातल्या सगळ्यात वजनदार संचालकांनी त्याला लोंबकळून बघावं, हे मी अगदी मनापासून सांगतोय. मदतीला बोलवायच्या बेलची दोरी जमिनीपासून वीतभर अंतरावर यायला हवी, पडलेल्या माणसाचा हात तिथंच पोचतो. आणि या खोलीला कुलूप नको. किल्ली शिपायाकडं आणि आत फिनेल, झाडू, मोडक्या खुर्च्या, हे चित्र मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता साइटवर गेलो की पहिल्यांदा तीच कडी उघडून बघतो.

वरच्या मजल्यांसाठी लगेच लिफ्ट झाली नाही तरी कामं खाली आणता येतात. कर्ज विभाग, लॉकर, सचिवांची भेट तळमजल्यावर घ्या. वार्षिक सभा दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होत असेल तर ती जागा बदला. मत द्यायचा हक्क असलेला सभासद जिन्यापाशी अडतो, हे सहकाराला शोभत नाही. लिफ्ट केलीत तर आत व्हीलचेअर आणि सोबतचा माणूस नीट मावेल एवढी जागा, दार ९०० मिलिमीटर, बटणांवर ब्रेल आणि मजल्याची घोषणा मराठीत. पुराचा इशारा आला की लिफ्ट वरच्या मजल्यावर उभी करून वीज बंद करायची, कारण खालच्या खड्ड्यात पहिल्यांदा पाणी शिरतं.

काम सुरू करायच्या आधी एक रविवार काढा. मिरजेत दवाखान्यांच्या आसपास व्हीलचेअर भाड्यानं मिळते, ती आणा. रॅम्पचे दोन्ही पदर आणि वळणाचा टप्पा जमिनीवर फक्कीनं आखा, तीनचाकी लावायची जागाही आखा. त्या सभासदांना आणि एखाद्या अंध सभासदाला आधी फोन करून, मान देऊन बोलवा. त्यांना स्वतः तीनचाकीवरून खुर्चीवर बसू दे, फक्कीच्या आत वळून बघू दे, दाराशी आणि काउंटरशी जाऊ दे. कुणी हात द्यायला पुढं जाऊ नका. खुर्ची जिथं अडेल तिथली फक्की पुसा आणि ते म्हणतील तशी नवी ओढा. मापं त्या फक्कीवरून घ्या आणि मग ठेकेदाराला बोलवा.